जिन्याखालचे तीन दिवस

भोगीच्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या बोळाच्या तोंडाशी ब्रेक करकचून लागल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मांजराचे असे ओरडणे ऐकू आले की, हातातले तिळाचे ताट तसेच ठेवून मी बाहेर धावले. मुख्य रस्ता मिरवणुकीसाठी बंद असल्यामुळे आमच्या बोळातून वाट काढणारा एक मालवाहू टेम्पो पुढे निघून गेला होता आणि चिंधी मागचे अंग ओढत आमच्या जिन्याखाली शिरत होती. चिंधी ही तशी आमची मांजर नव्हे. दोन वर्षांपूर्वी ती गच्चीवरून आली, पोळीचा कुस्करा खाऊन गेली आणि त्यानंतर रोज येत राहिली, एवढेच आमचे नाते. पांढऱ्या अंगावर काळी आणि नारिंगी ठिगळे असल्याने सासूबाईंनी तिला हे नाव दिले. अशी तिरंगी मांजरे जवळजवळ नेहमी माद्याच असतात, हे मला फार नंतर समजले. सासूबाई मात्र पहिल्या दिवसापासून तिला ‘ती’च म्हणत होत्या.

सोलापूरकरांना भोगी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेचा तो दिवस असतो. नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक शहरभरच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करीत फिरते आणि बाळीवेशीच्या आसपासच्या आमच्यासारख्या घरांपर्यंत रिक्षा येऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी संक्रांत, म्हणजे संमती कट्ट्याजवळचा सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा, आणि तिसऱ्या दिवशी किंक्रांत. मी चार पशुवैद्यांना फोन केले. दोघांनी उचलला नाही, एक जण सणासाठी गावी गेले होते आणि चौथ्यांनी सरळ सांगितले की, आपला सारा अनुभव गाई-म्हशींचा आहे, मांजरावर आपण कधी उपचार केलेले नाहीत आणि आपल्याकडे एक्स-रेही नाही. त्या क्षणी मला त्यांचा राग आला. आज मात्र चौघांमध्ये मी त्यांचाच सर्वाधिक आदर करते, कारण ठाऊक नसताना औषध सांगणारे पुढच्या दोन दिवसांत मला पुष्कळ भेटले.

आपल्या जिल्ह्यातली पशुवैद्यकीय व्यवस्था जनावरांभोवती, म्हणजे गाय, म्हैस, शेळी यांच्याभोवती उभी राहिली आहे आणि त्यात गैर काही नाही. ज्या घराची चूल दुधावर पेटते, त्या घरच्या म्हशीला आधी डॉक्टर मिळालाच पाहिजे. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर येणारे फिरते पथकही मुख्यतः पशुपालकांच्या दारी जाण्यासाठीच आहे. बोलीत आपण ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतो, त्या शब्दातच मांजराला जागा नाही. ते दूध देत नाही, औत ओढत नाही आणि विमाही सहसा कोणी उतरवत नाही.

पहिली चूक मी पहिल्या पाच मिनिटांतच केली. जिन्याखाली उघडा हात घातला आणि चिंधीने, जिने कधी मला नखही लावले नव्हते, अंगठ्याच्या मुळाशी कडकडून चावा घेतला. दुखणारे मांजर ओळखीचा हात ओळखत नाही. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक आणि लांब असतात, त्यामुळे वर नुसते दोन ठिपके दिसतात आणि जंतू मात्र आत खोलवर गेलेले असतात. वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे हात धुतला. पंधरा मिनिटे हा काळ किती मोठा असतो, हे नळाखाली उभे राहिल्यावरच कळते. मग गल्लीबोळांतून चालत सिव्हिल हॉस्पिटल गाठले. तिथे जखमेभोवती सीरम आणि दंडात रेबीजची पहिली लस टोचून पुढच्या तारखांचे कार्ड हातात मिळाले. तासाभरात माझे उपचार झाले होते. जिची हाडे मोडली होती, ती अजून जिन्याखालीच होती. चावा मांजराचा असला आणि मांजर ओळखीचे असले, तरी ही लस टाळू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणसाला वाचवणे जवळपास अशक्य असते.

परत आले, तोवर भाचीने पुण्यातल्या एका पशुवैद्य बाईंचा क्रमांक मिळवला होता. अडीचशे किलोमीटरांवरून त्या काही करू शकणार नव्हत्या, पण त्यांनी पंचवीस मिनिटे दिली, आणि त्यांचा पहिला प्रश्न असा होता की, ‘तिला तुम्ही काही औषध दिलेत का?’

मी दिले नव्हते, पण ते केवळ योगायोगाने. नातवाच्या तापाच्या औषधाची बाटली सासूबाईंच्या हातात होती आणि ‘लहान बाळाला चालते, तर हिला का चालणार नाही’ हा त्यांचा युक्तिवाद मला पटलेलाही होता. त्या बाटलीत पॅरासिटामॉल होते. माणसाचे यकृत हे औषध ज्या रासायनिक वाटेने निरुपद्रवी करून बाहेर टाकते, ती वाट मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. मग औषधाचे विषारी अंश रक्तात साठतात, तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे उरत नाही, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड सुजते आणि मांजर गुदमरून मरते. त्यासाठी माणसाची एक साधी गोळी पुरेशी असते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांचेही तसेच. ती मूत्रपिंड आणि पोट निकामी करतात. वेदना कमी करावी म्हणून केलेली दया मांजराच्या जिवावर उठते, आणि गंमत अशी की, आपल्या घरात वेदनेवर ठेवलेली जवळपास प्रत्येक गोळी याच तिघांपैकी असते.

यानंतर पुण्याच्या डॉक्टर बाईंनी मला जे करायला सांगितले, त्यातले बहुतेक पाहण्याचे आणि मोजण्याचे होते. ओठ हलकेच वर करून हिरड्या पाहा: गुलाबी आहेत, फिकट आहेत की पांढऱ्या? बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांच्या आत परत येतो का? पांढऱ्या हिरड्या आणि गार पंजे म्हणजे आत रक्तस्राव असू शकतो आणि तसे असेल, तर रात्रीच्या रात्री कुठेही न्यावे लागेल. छातीची हालचाल अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. शांत पडलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला वीस ते तीस असतो, चाळिसाच्या वर राहिला तर चिंता करायची आणि तोंड उघडून श्वास घेऊ लागली तर थांबायचेच नाही, कारण गाडीच्या धडकेने छाती आणि पोट यांमधला पडदा फाटलेला असू शकतो. शेपूट हलते का? मागच्या पायाच्या बोटांना चिमटा घेतल्यावर काय होते? इथे त्यांनी एक बारकावा सांगितला, जो मला फार महत्त्वाचा वाटतो: पाय नुसता आखडला, तर ती मणक्यातली आपोआप होणारी क्रिया असू शकते, मांजराने मान वळवून पाहिले किंवा गुरगुरले, तरच वेदना मेंदूपर्यंत पोचते आहे असे समजायचे. चिंधीने मान वळवली आणि मला अशा नजरेने पाहिले की, फोनवर मी जवळजवळ आनंदाने ओरडले.

तिला बाहेर काढण्यासाठी त्यांनी सपाट फळी मागितली. घरात फळी नव्हती, पाट होता. सणाला नैवेद्याचे ताट ठेवण्याचा सासूबाईंचा शिसवी पाट. मी विचारण्याआधीच त्यांनी तो पुसून माझ्या हाती दिला. सुताचे कोन ज्यात येतात, त्या पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याची एक बाजू कापली, चिंधीच्या तोंडावर टॉवेल टाकला, कंबर वाकू न देता तिला टॉवेलसकट पाटावर सरकवले आणि पाटासकट खोक्यात. पायाला खपची बांधू का, असे मी विचारले, तेव्हा डॉक्टर बाईंनी निक्षून नाही म्हटले. नवख्या हाताने बांधलेली खपची मोडलेले टोक आणखी आत रुतवते, आणि मांडीच्या किंवा कंबरेच्या हाडाला तर घरी बांधता येण्याजोगी खपचीच नसते. अरुंद, अंधारे खोके हीच तिची खपची.

डाव्या मांडीवर दीड-दोन इंचांची जखम होती आणि रक्त थेंबाथेंबाने येत होते. गॉजची जाड घडी ठेवून, घड्याळ समोर ठेवून, मध्ये एकदाही उचलून न पाहता दहा मिनिटे दाबून धरली; दर मिनिटाला उचलून पाहिले की, धरू लागलेली गुठळी पुन्हा सुटते. जखम धुण्यासाठी औषधाच्या दुकानातली सलाईनची बाटली उत्तम. ती नसेल तर अर्धा लीटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक लहान चमचा, सपाट भरलेला, मीठ घालावे. पोविडोन आयोडीन वापरायचे असेल, तर फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचे होईपर्यंत पातळ करावे. पाण्यात टाकताच दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशके मात्र मांजराजवळ आणूच नयेत. त्यांतली फिनॉलच्या जातीची द्रव्ये तिला पचत नाहीत, आणि मांजर अंगाला लागलेले सारे चाटून पोटात घेते. हळदीचेही मी नाव काढले होते. हळद जखमेत बसते, घाण धरून ठेवते आणि डॉक्टरांना आतले दिसू देत नाही, असे उत्तर मिळाले. शेजारच्या काकांनी टर्पेंटाइन सुचवले, कारण त्यांच्या गावी बैलाच्या जखमेत अळ्या पडल्यावर तेच ओततात. जानेवारीत माश्या कमी असल्याने ती वेळ आली नाही. पण आपल्या एप्रिल-मेमध्ये उघडी जखम दिवसभर माश्यांसमोर राहिली, तर दुसऱ्या दिवशी अळ्या दिसू शकतात. तेव्हा टर्पेंटाइन, रॉकेल, फिनाईल यांपैकी काहीही न ओतता जखम सलाईनने पुन्हा पुन्हा धुवावी, दिसतील त्या अळ्या चिमट्याने काढाव्यात आणि जखमेवर जाळीचे कापड राखावे.

रात्री गारठा पडला. धक्का बसलेल्या मांजराच्या अंगातली ऊब झपाट्याने जाते, म्हणून कोमट पाण्याची बाटली मोज्यात घालून, वर जुन्या चादरीची घडी देऊन तिच्या पाठीशी ठेवली. ज्याला सरकता येते, तो प्राणी चटका बसू लागला की दूर होतो. हिला सरकता येत नव्हते, त्यामुळे दर अर्ध्या तासाने मी माझे मनगट त्या घडीवर ठेवून पाहत होते. बाहेर हलग्या वाजत होत्या. मध्यरात्रीच्या सुमारास ती घुरघुरू लागली आणि मला वाटले, बरे वाटते आहे. तसे नसते. मांजर सुखात घुरघुरते, तसेच तीव्र वेदनेतही घुरघुरते. मिटत आलेले डोळे, बाहेरच्या बाजूला कललेले कान आणि आखडून घेतलेले तोंड यांवरून खरा प्रकार कळतो.

नातवाच्या जुन्या वहीत मी वेळ, श्वास आणि हिरड्या अशा नोंदी करीत होते. साडेनवाला अठ्ठेचाळीस, अकराला चव्वेचाळीस, दोनला छत्तीस, पहाटे पाचला तीस. आकडे उतरत होते म्हणून मी त्या रात्री थोडी झोपू शकले; नाहीतर दर दहा मिनिटांनी उठून खोके उघडले असते आणि तिलाही पडू दिले नसते.

संक्रांतीच्या दिवशी आमच्या घरी एकाच गोष्टीची वाट पाहणे चालू होते आणि ती गोष्ट म्हणजे मांजराची लघवी. कंबरेवर गाडीचा धक्का बसल्यावर मूत्राशय फुटू शकते किंवा त्याच्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते, आणि चोवीस तासांत लघवी झाली नाही, तर मांजर आतून विषाने भरू लागते. मी दर तासाला टॉवेलखाली हात घालून पाहत होते. घरी हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांना तिळगूळ देता देता सासूबाई जिन्याकडे नजर टाकून ‘झाली का गं?’ असे विचारत आणि त्या बायका बावचळून एकमेकींकडे पाहत. दुपारी अडीच वाजता टॉवेल ओला लागला. रंग किंचित लालसर होता, पण प्रमाण चांगले होते. वहीत ती नोंद मी दोनदा अधोरेखित केली आहे.

दुसरा प्रश्न खाण्याचा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर शरीरातली चरबी यकृतात येऊन साठते आणि बाकी सारे बरे होत असताना यकृतच निकामी होऊ लागते. लठ्ठ मांजरात तर हे अधिकच लवकर होते. दूध चालले नसते, कारण मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना ते नीट पचत नाही आणि जुलाब झाले, तर असलेले पाणीही निघून जाते. आमचे घर शाकाहारी आणि दिवस संक्रांतीचा. शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला फोन केला. ती गर्दी चुकवत पायी, स्टीलच्या डब्यात कांदा-लसूण न घातलेले, नुसत्या पाण्यात उकडलेले कोंबडीचे मांस घेऊन आली. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून तसे मुद्दाम सांगितले होते. डबा उंबऱ्याच्या आत कसा न्यायचा, या विचारात मी दारातच उभी राहिले. सासूबाईंनी पंचांगातून मान वर न काढता निर्णय दिला: ‘जिन्याखाली आहे ते काही घर नव्हे.’ चिंधीने बोटावरचे चार तुकडे खाल्ले. पाणी मी सिरिंजने गालाच्या कडेने थेंबथेंब दिले. ती शुद्धीवर होती आणि गिळत होती, म्हणूनच दिले. मलूल पडलेल्या मांजराच्या तोंडात पाणी ओतले, तर ते फुप्फुसात जाते.

किंक्रांतीला सकाळी रस्ते मोकळे झाले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका तरुण डॉक्टरांनी दार उघडले होते. रिक्षावाल्याने खड्डे चुकवत, मागून वाजणाऱ्या हॉर्नकडे दुर्लक्ष करीत गाडी नेली आणि भाडे घेताना ‘आमच्याकडेबी दोन हैत’ एवढेच म्हणाला. डॉक्टरांनी तपासण्याआधी वही मागून घेतली आणि ती पुढून मागे नीट वाचली. एक्स-रेमध्ये कंबरेचे हाड डावीकडे दोन ठिकाणी मोडलेले दिसले. मांडीचे हाड आणि खुब्याची वाटी शाबूत होती. शस्त्रक्रियेसाठी पुण्याला किंवा मुंबईला न्यावे लागले असते, पण वाटी शाबूत असेल आणि लघवी-शौच होत असेल, तर मांजराचे असे मोडलेले हाड सक्तीच्या विश्रांतीने बहुधा जुळून येते, असे त्यांचे मत पडले. वेदनेचे आणि जंतुसंसर्गाचे अशी दोन इंजेक्शने, जखमेला टाके आणि सहा आठवडे बंदिवास. हाड वाकडे जुळले तर शौचाची वाट अरुंद होते, म्हणून रोजच्या शौचाची नोंद ठेवा, असेही त्यांनी बजावले. वही पुढे चालू राहिली ती अशी.

बंदिवासासाठी मैत्रिणीनेच तिच्याकडचे जुने खुराडे दिले. मांजराला ज्यात उभे राहता येईल, वळता येईल, पण उडी मारता येणार नाही, एवढीच जागा हवी असते, आणि कोंबड्यांच्या खुराड्याचे माप त्यासाठी नेमके निघाले. टाके चाटू नयेत म्हणून गळ्याभोवती शंकूसारखी पट्टी घालतात. ती शहरात मिळेना, तेव्हा माझ्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेची फिल्म कापून, कडांना चिकटपट्टी लावून ती तयार केली. उजेडाकडे तोंड केले की, चिंधीच्या कानामागे माझी गुडघ्याची वाटी दिसायची. किंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी रात्री होम मैदानावर शोभेचे दारूकाम सुरू झाले, तेव्हा खुराडे आतल्या खोलीत घेऊन त्यावर दोन जाड चादरी टाकल्या आणि मी शेजारी बसून श्वास मोजत राहिले. बावन्न, पन्नास, मग आवाज थांबल्यावर हळूहळू बत्तीस. यात्रेचे दारूकाम मी लहानपणापासून गच्चीवरून पाहत आले आहे. या वर्षी ते नुसते ऐकले, आणि एकेका आवाजासरशी चादरीखालचे अंग दचकत असल्याचे हाताला कळत होते.

पहिले दोन आठवडे ती निमूट पडून राहिली, तिसऱ्यात उभी राहू लागली आणि चौथ्यात रात्रभर जाळी ओरबाडू लागली. बरे होत आलेले मांजर सांभाळणे हे जखमी मांजर सांभाळण्यापेक्षा अवघड आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे, कारण जखमी असताना ते आपल्या बाजूने असते. पाचव्या आठवड्यात मी जवळजवळ दार उघडलेच होते. डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढून आणखी दहा दिवस थांबायला लावले. माझ्या लसीचा अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस त्याच सुमारास संपला आणि सिव्हिलमधल्या सिस्टरने कार्ड परत देताना मांजर कसे आहे, असे विचारले.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी खुराडे उघडले. चिंधी बाहेर आली, मागचा डावा पाय थोडा फेंगडा टाकत अंगणभर फिरली आणि मग गच्चीकडे किंवा बोळाकडे न जाता जिन्याखाली गेली. तिथे तो पाट अजून तसाच पडलेला आहे. नवा आणण्याविषयी मी सासूबाईंकडे दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यांना नेमके काहीतरी दुसरे काम आठवले.